मैत्रीण गाव सोडून गेली, आता डब्याच्या सुट्टीत कुठे बसू?

मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघतात, घरं हलतात, आणि जुलै लागला की आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात. या वेळची चारही पत्रं त्यातलीच. पत्र पाठवणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी दहावीत आहे, नाशिकच्या इंदिरानगरला राहते. पाचवीपासून मी आणि माझी मैत्रीण एकाच बाकावर. सकाळी बोगद्यापाशी एकमेकींची वाट बघून सायकलवर शाळेत जायचो. तिचे बाबा बँकेत आहेत. त्यांची नागपूरला बदली झाली आणि मे महिन्यात ते सगळे गेले. पहिले काही आठवडे आम्ही रोज दोन-दोन तास व्हिडिओ कॉल करायचो. आता मी फोन केला की ती म्हणते, नंतर करते. इन्स्टाग्रामवर तिचे नव्या मुलींबरोबरचे फोटो दिसतात. आमच्या वर्गातले ग्रुप आधीच ठरलेले आहेत. डब्याच्या सुट्टीत कुठे बसायचं कळत नाही, म्हणून मी वर्गातच पुस्तक उघडून बसते. गणितही आम्ही मिळून करायचो, ते आता होतच नाही. आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे, नको ते डोक्यात घेऊ नकोस. मी काय करू?

उत्तर : पाच वर्षं रोजचे सहा तास जिच्या शेजारी काढले ती एकदम दिसेनाशी झाली, तर वाईट वाटणारच. त्यात नको ते असं काही नाही. अभ्यास होत नाही तोही याच कारणानं. त्यामुळे आधी हे नीट लावू, दहावी आपोआप रुळावर येईल.

एक कागद घे. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास एकाखाली एक लिही आणि ती ज्या ज्या वेळी तुझ्याबरोबर असायची तिथे खूण कर. बोगद्यापाशी थांबायची ती दहा मिनिटं, बाक, डबा, क्लासला जाणं-येणं, गणित, झोपण्याआधीचे मेसेज. पाच-सहा खुणा तरी होतील. ‘ती गेली’ एवढंच मनात घोळत राहिलं की काही सुचत नाही, कारण तिच्यासारखी दुसरी कुठून आणणार? खुणांचं मात्र एकेक करून काहीतरी करता येतं. फक्त सगळ्या खुणांवर एकाच नव्या मुलीला बसवू नकोस. सायकलला एक, डब्याला दोघी-तिघी, गणिताला चौथीच कुणी, असं खुशाल चालतं. एकीवरच सगळा भार टाकला तर पंधरा दिवसांत ती दमते, हळूच अंग काढून घेते, आणि तुला वाटतं आपल्यातच काही खोट आहे.

सगळ्यात अवघड खूण डब्याची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. वर्गात पुस्तक उघडून बसलं की पहिले दोन-चार दिवस सुटल्यासारखं वाटतं. पण बघणाऱ्यांना त्यातून दिसतं ते एवढंच, की हिला एकटं बसायचंय, हिला त्रास नको द्यायला. दोन आठवड्यांत ती तुझी जागाच ठरून जाते. तेव्हा उद्या पुस्तक दप्तरात राहू दे.

सहा-सात जणींच्या गोलाकडे जाऊ नकोस. तिथे बोलणं आधीच भरात असतं, सरकून जागा कोण देणार तेही ठरलेलं नसतं, आणि उभं राहावं लागलं तर फार लागतं. दोघी किंवा तिघी बसतात तिथे जा. दोघींपैकी एक कधीतरी गैरहजर असतेच, त्या दिवशी दुसरीलाही सोबत हवीच असते. ‘मी तुमच्यात येऊ का’ असं विचारू नकोस, त्या प्रश्नावर समोरच्याला निर्णय घ्यावा लागतो. ‘इथे बसते गं’ म्हण आणि डबा उघड. डब्यात पहिले काही दिवस मोजून वाटता येईल असं काही ने. उकडलेल्या शेंगा, शंकरपाळे, भडंग. रस्साभाजी द्यायची तर झाकण रिकामं करावं लागतं, नको-हो चालतं, आणि ती अवघडलेली अर्धी मिनिटं नेमकी पहिल्या दिवशी नको असतात. शेंगांची मूठ मधे ठेवली की हात आपोआप येतात.

जागा रोज बदलू नकोस. एकच ठिकाण सलग बारा शाळेचे दिवस धरून ठेव, मगच ठरव की जमतंय की नाही. मुली बहुतेक चौथ्या-पाचव्या दिवशीच सोडून देतात, कारण तोवर कुणी मुद्दाम बोलावलेलं नसतं. अजून एक चूक फार होते. ‘आम्ही दोघी असं करायचो’, ‘तिला हे आवडायचं’ हे पहिल्याच आठवड्यात सारखं तोंडी येतं. ऐकणारीला वाटतं, ही आपल्यात बसलीय खरी, पण आपण हिला बदली खेळाडू आहोत. मैत्रिणीबद्दल जरूर बोल, पण त्यांच्याबद्दल चार गोष्टी विचारून झाल्यावर.

आता धीर कशासाठी धरायचा ते आकड्यांत सांगतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला आलेली मोठी माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं यांची मैत्री कशी वाढते ते त्यांनी पाहिलं. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २००च्या वर, असं त्यात दिसलं. शेजारी बसून नुसतं काम करण्याचा वेळ त्यात फारसा उपयोगी पडत नाही, गप्पांचा आणि हुंदडण्याचा पडतो. तुझं वय त्याहून लहान आहे, तेव्हा आकडा तंतोतंत धरू नकोस, पण हिशेब करून बघ. डब्याची २५ मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे अडीच तास. एवढ्यावर ५० तास व्हायला पाच महिने लागतील. म्हणून तीन आठवड्यांत ‘अजून तशी मैत्री झाली नाही’ असं वाटलं तर त्यात तुझं काही चुकलेलं नाही. तास वाढवायचे असतील तर सायकलची खूण कामाला येते. इंदिरानगरमधून तुमच्या शाळेत किंवा क्लासला आणखी कोण जातं ते बघ, आणि ‘उद्या पावणेसातला बोगद्याच्या अलीकडे थांबते’ असं वेळ-जागा ठरवून सांग. ‘कधीतरी एकत्र जाऊ’ म्हटलेलं कधीच घडत नाही.

गणिताचं त्यामानानं सोपं आहे. दोघी मिळून करताना खरं काम होत होतं ते मोठ्यानं समजावून सांगण्यानं. ती सवय एकटीलाही ठेवता येते. भूमितीचं प्रमेय घे, पुस्तक मिट, आणि कोऱ्या कागदावर आकृती काढून प्रत्येक पायरीचं कारण बोलत लिही. अडलं तिथे पेन्सिलीनं खूण कर आणि ती खूण दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा वर्गातल्या कुणाला तरी विचार. विचारायला खरीखुरी शंका असली की बोलणं सुरू करायलाही संकोच वाटत नाही. आणि तुझ्या मैत्रिणीची नवी शाळा राज्य मंडळाचीच असेल तर तिचं पुस्तकही तेच आहे, सरावसंचही तेच. रविवारी एक तास दोघी फोन लावून, आवाज बंद ठेवून, एकच सरावसंच सोडवा आणि शेवटची १५ मिनिटं उत्तरं ताडून बघा. समरूपतेपासून सुरू करा.

तिच्या ‘नंतर करते’बद्दल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. जूनमध्ये ती नव्या घरात रिकामी, एकटी बसलेली होती, म्हणून दोन-दोन तास बोलत होती. मग तिची शाळा सुरू झाली. नवे शिक्षक, नवी वाट, नवा क्लास, त्यात दहावी. फोन कमी झाले त्याचं पहिलं कारण हे. रोजचे दोन तास तसेही टिकत नाहीत. चार दिवसांत सांगण्यासारखं संपतं, मग फोन करणं एक काम होऊन बसतं, आणि ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी दोघींनाही अपराधी वाटतं.

म्हणून ठरवून कमी करा. रविवारी सकाळी गणितानंतर अर्धा-पाऊण तास गप्पा, आणि मधे बुधवारी एक आवाजी मेसेज, तीन मिनिटांच्या आतला. बाकी दिवशी वाटलं तर बोलायचं, पण हिशेब नाही ठेवायचा. फोनवर ‘काय चाललंय’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा बारीक विचार. तुझ्या बाकावर कोण बसतं? खिडकीतून काय दिसतं? तिथे डब्याला मुली काय आणतात? अशा प्रश्नांनी तिचा दिवस तुला डोळ्यांसमोर दिसू लागतो, आणि परकेपणा बराचसा तिथेच कमी होतो.

वाईट वाटतंय हे तिला एकदा सांग, जरूर सांग. ‘तू मला विसरलीस’ असं म्हटलंस तर ती स्वतःचा बचाव करत बसेल. ‘डब्याच्या सुट्टीत तुझी फार आठवण येते, रविवारी नक्की बोलूया का’ असं म्हणालीस तर तिला काहीतरी करता येईल. फोटोंचं म्हणशील तर महिनाभर तिच्या पोस्ट आणि स्टोरी म्यूट कर. तिला ते कळत नाही, आणि अनफॉलो केल्यावर होणारा गैरसमजही टळतो. वर्गात नवी मुलगी आली की पहिल्या महिन्यात तिला प्रत्येक फोटोत ओढतात. त्या फोटोतल्या किती जणी तिच्याजवळ टिकल्या ते तिलाही दिवाळीपर्यंत कळणार नाही.

भेटायचं असेल तर आत्ताच घरी विषय काढ. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या भराभर भरतात. नाशिकरोडला रात्री गाडीत बसलं की सकाळी नागपूर येतं, तेव्हा घरचं मोठं माणूस सोबत असलं की फार अवघड नाही. दोन किंवा तीन दिवसच जा. त्यातली एक दुपार तिच्या नव्या मैत्रिणींबरोबर काढा. परतल्यावर फोटोतल्या चेहऱ्यांना नावं आणि आवाज मिळालेले असतात, मग ते फोटो तितके टोचत नाहीत.

ही मैत्री आहे तशीच राहील असं आश्वासन आम्ही देणार नाही. काही मैत्र्या अंतरानं विरळ होतात, काही वर्षांनी पुन्हा दाटही होतात. पण रविवारचा पाऊण तास पाळला तर ती तुटायचं काही कारण नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. आम्ही पंचवटीत राहतो. तिची जिवलग मैत्रीण दोन महिन्यांपूर्वी पुण्याला गेली. तेव्हापासून ही नीट जेवत नाही, शाळेतून आली की दार लावून घेते, रात्री एक-एक वाजेपर्यंत फोन. सकाळी पोटात दुखतं म्हणते. मी एकदा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून काय रडायचं, मिळतील दुसऱ्या मैत्रिणी. तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. याला किती दिवस लागतात?

उत्तर : आधी त्या एका वाक्याचं. ‘मी त्या दिवशी चुकीचं बोलले, तुझ्यासाठी ती गोष्ट एवढीशी नव्हती’ एवढंच म्हणा आणि थांबा. पुढे ‘पण’ जोडू नका. समोरासमोर बसून म्हणण्यापेक्षा गाडीवर मागे बसवलेलं असताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना म्हणा. नजरेला नजर नसली की या वयाची मुलं जास्त बोलतात. ती लगेच काही बोलणार नाही, पण तिनं ऐकलेलं असतं.

मग झोप. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. एकला झोपून सहाला उठणाऱ्या मुलीला पाचच तास मिळतात, आणि एवढ्या कमी झोपेवर रडू लवकर येतं, भूक बिघडते, सकाळी मळमळतं. म्हणजे तुम्ही लिहिलेल्यातला काही भाग दुःखाचा आहे आणि काही जागरणाचा. फोन हिसकावून घेऊ नका, आत्ता मैत्रिणीशी जोडणारी तेवढीच एक तार तिच्या हातात आहे. मैत्रिणीशी बोलायची वेळ संध्याकाळी आठ ते नऊ अशी पुढे आणा, त्या वेळात घरच्यांनी मधे हाका मारायच्या नाहीत, आणि साडेदहाला घरातले सगळे फोन, तुमचाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला. एकदम एकवरून साडेदहा जमणार नाही. दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास मागे घ्या. जेवणाला बोलवून येत नसेल तर ताट खोलीत नेऊन देण्याची सवय लावू नका. दिवसातलं एक जेवण तरी सगळ्यांबरोबर, आणि त्या वेळी शाळेचा, मार्कांचा विषय नको.

किती दिवस लागतात? सुरुवातीचे काही आठवडे फार वाईट जातात, मग अधेमधे बरे दिवस यायला लागतात. असे बरे दिवस दिसतायत का ते बघा. एखाद्या गोष्टीला हसली, आवडीची भाजी मागून घेतली, भावंडाशी भांडली, हे सगळं चांगलं लक्षण. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ ती उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, वजन उतरत असेल, शाळा बुडत असेल, तर थांबू नका. तुम्ही दोन महिने लिहिलेत, म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. याच आठवड्यात तिला दाखवा. पोटदुखीसाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, ते आवश्यकही आहे, आणि त्यांनाच मनाचंही सांगा. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. शासकीय जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. बाहेर पडणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आई-वडीलही त्यावर सल्ला विचारू शकतात.

हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालू लागली, ‘मी नसले तर बरं होईल’ असं काही बोलली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागली, तर सरळ विचारा : ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट ओझं हलकं होतं. उत्तर हो आलं तर तिला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुण्याचं अंतर तसं हाताशी आहे, सुमारे २१० किलोमीटर, पण जाऊन-येऊन एका दिवसात मुलींना बोलायला काही उरत नाही. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, तेव्हा तुम्ही दोघी शनिवारी जाऊन रविवारी परत या. तेही जमत नसेल तर त्या घराशी बोलून मधे भेटा. आळेफाटा, नारायणगाव साधारण मध्यावर पडतं. दोन्हीकडून कुणी मोठं माणूस आलं की मुलींना चार तास सहज मिळतात. तारीख ठरली की कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचा दिवस डोळ्यांसमोर असला की मधले दिवस काढता येतात.

प्रश्न : मी नाशिकरोडची, आता ठाण्याला आले. इथे मला दोन मैत्रिणी मिळाल्या. पण नाशिकच्या मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून मी त्यांच्याबद्दल बोलतच नाही. ती विचारते तेव्हा खोटं सांगते की मी एकटीच असते. मला आता तिचा फोन आला की भीती वाटते.

उत्तर : भीती त्या लपवण्याची आहे. फोटोतून किंवा कुणाच्या तरी बोलण्यातून तिला ते कळणारच, आणि तेव्हा मैत्रिणी मिळाल्याचं नाही, खोटं बोलल्याचं दुखेल. पुढच्या फोनवर दोघींपैकी एकीचं नाव घे आणि तिची एखादी साधी गोष्ट सांग. एकदम दोघींचं कौतुक नको. शिवाय सांग, ‘मी आधी बोलले नाही कारण तुला वाईट वाटेल असं वाटलं.’ ती रुसली तर दोन दिवस रुसू दे, रोज मनधरणी करू नकोस. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा मेसेज टाक. गाव सोडून जाणारीला नवं सगळं मिळतं आणि मागे राहिलेलीला जुनं सगळं तिच्याशिवाय बघावं लागतं, म्हणून तिचं दुःख आत्ता तुझ्यापेक्षा मोठं असू शकतं. ते ऐकून घे. पण तुला ठाण्यात करमतंय यासाठी तिची माफी मागायची गरज नाही.

प्रश्न : मी ओझरला आठवीत आहे. माझी मैत्रीण बंगळुरूला गेली. तिचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी आहे. माझ्याकडे फार पैसे नाहीत. काय पाठवू?

उत्तर : चॉकलेट नको, वाटेत वितळतं किंवा पावसात पांढरं पडतं. तिला तिकडे सहज न मिळणारं काहीतरी पाठव. पाव किलो नाशिकचा चिवडा, आणि वर्गातल्या दहा-बारा मुलींनी प्रत्येकी दोन ओळी लिहिलेला एकच मोठा कागद. चिवड्याचं तेल कागदाला लागतं, म्हणून त्याची पिशवी दुसऱ्या जाड पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीनं बंद कर, कागद वेगळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आणि दोन्ही मिळून पुठ्ठ्याच्या घट्ट खोक्यात. खोक्यात जागा उरली तर वर्तमानपत्राचे बोळे भर, नाहीतर चिवड्याचा भुगा होतो. पत्त्यावर सहा आकडी पिनकोड आणि तिच्या आईचा फोन नंबर लिही, तुझा पत्ताही मागे लिही. पोस्टात स्पीड पोस्टनं, वाढदिवसाच्या आठ दिवस आधी टाक.

पैसे तेवढेही नसतील तर पोस्टातून अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आण. त्याच्या आत काही घालता येत नाही, फोटो किंवा रिबिन पाठवायची असेल तर पाकीट घेऊन पाच रुपयांचं तिकीट लाव, वजन २० ग्रॅमच्या आत ठेव. शाळेतला एकच दिवस, प्रार्थनेपासून घंटेपर्यंत, कोण कुठे बसलं आणि कोण काय म्हणालं ते सगळं लिही. आणि बॉलपेननं लिही, जेलपेनची शाई पावसात पसरते.